रेडकाच्या वाट्याचे दूध

२०२२ च्या दिवाळीची गोष्ट. पुण्याहून घरी आलेल्या आमच्या मुलीने अनारशांची ताटली हातात घेतली, डोळे मिटून वास घेतला आणि ताटली तशीच खाली ठेवली. "तुपात तळलेत का गं आई?" तिने विचारले. आमच्या सौभाग्यवतींनी मोठ्या अभिमानाने सांगितले, की घरी कढवलेले साजूक तूप आहे, बाजारचे नाही. मुलीचा चेहरा उतरला. "मग मला नाही चालणार. मी व्हीगन झालेय."

"म्हणजे उपवास का? किती दिवसांचा?" आईने विचारले.

मुलगी हसली, पण तिने नीट समजावून सांगितले. मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, लोणी, तूप आणि मधही नाही. प्राण्यापासून आलेले काहीच खायचे नाही. हा शब्द तसा जुना आहे. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन नावाच्या गृहस्थांनी आणि त्यांच्या काही सोबत्यांनी 'व्हेजिटेरियन' या शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरे जोडून तो तयार केला. आपल्याकडे मात्र तो गेल्या काही वर्षांतच घरोघरी येऊ लागला आहे, आणि बहुधा असाच येतो: शहरात नोकरी करणारे लेकरू सणाला घरी येते आणि पुरणपोळीवरची तुपाची धार हाताने अडवते.

त्या दिवाळीत आमच्या घरी तीन प्रकारचा स्वयंपाक झाला. मुलीसाठी दुधाशिवाय, मला मधुमेह म्हणून साखरेशिवाय, आणि आल्यागेल्यासाठी नेहमीचा. तिन्ही एकाच बाईने केले. ते तेव्हा माझ्या लक्षातही आले नाही. मी वाद घालण्यात गुंतलो होतो. आपल्या संस्कृतीत दूध, श्रीकृष्ण, गोकुळ, आजीचे दही-भात, सगळे मुद्दे मी काढले. मुलीने शांतपणे ऐकून घेतले आणि रात्री झोपायला जाताना दारात थांबून म्हणाली, "बाबा, मला एवढंच म्हणायचंय, की म्हशीचं दूध तिच्या रेडकाचं असतं."

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले होते. पस्तीस वर्षांपूर्वी, मुकुटबनला.

*

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, आजच्या झरी-जामणी तालुक्यातले गाव. वणीच्या दक्षिणेला कापूस, तूर, ज्वारीचा काळा पट्टा, मधूनमधून सागाचे जंगल, आणि पुढे पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्हा. बाजाराच्या दिवशी मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी अशा चार भाषा एकाच पारावर ऐकू यायच्या. १९८६ साली मी तिथे बँकेचा फील्ड ऑफिसर म्हणून गेलो तेव्हा सत्ताविशीचा होतो. एका शेतकऱ्याच्या घरी पुढची खोली भाड्याने घेतली होती आणि जेवण घरमालकीण काकूंकडे.

ते दिवस एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे होते. १९८० पासून हा कार्यक्रम देशातल्या सर्व विकास गटांत चालू होता. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला काही साधन घेऊन द्यायचे, त्याच्या उत्पन्नातून ते कुटुंब वर येईल, असा हिशेब. आदिवासी कुटुंबाला निम्मी रक्कम अनुदान आणि निम्मी बँकेचे कर्ज. साधन म्हणजे बहुतेक वेळा दुभती म्हैस. पंचायत समितीकडून यादी यायची, आमच्याकडे वर्षाचा लक्ष्यांक यायचा, आणि मार्च जवळ आला की म्हशींची प्रकरणे भराभर मंजूर व्हायची.

अशाच एका मार्चमध्ये मी एका कोलाम पोडावर गेलो. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. कोलाम हे महाराष्ट्रातल्या अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. थोडी कोरडवाहू शेती, जंगलातले मोहफूल, डिंक, आणि बांबूच्या टोपल्या-तट्टे विणणे यावर त्या वस्तीचा गुजारा चाले. यादीत ज्याचे नाव होते तो म्हातारा टोपलीच विणत बसला होता. मी योजना समजावून सांगितली. त्याने हातातली बांबूची पट्टी खाली ठेवली नाही.

"दुधाचं आमी काय करू, साहेब?"

"विकायचं. घरी प्यायचं."

"प्यायची रीत नाही आमची. ते तिच्या वगारीचं असते." वगार म्हणजे म्हशीचे मादी पिल्लू. मग थोडे थांबून म्हणाला, "द्यायच्याच असन, तर शेळ्या द्या ना."

शेळ्यांचा त्या वर्षीचा लक्ष्यांक पुरा झाला होता. म्हशींचा राहिला होता. मी त्याचा अंगठा म्हशीच्या कागदावर घेतला.

पुढचे सांगायला फार वेळ लागत नाही. म्हैस आली. तिला रोज ढेप लागे, कुटार लागे, पोटभर पाणी लागे, आणि उन्हाळ्यात त्या पोडावर माणसांनाच पाणी डोक्यावरून आणावे लागे. दूध घेणारी डेअरी जवळपास नव्हती. गावात दूध नेऊन विकायला सकाळचे दोन तास जात, म्हणजे तेवढी मजुरी बुडे. पहिल्याच पावसाळ्यात वगार मेली, म्हैस पान्हा चोरू लागली आणि काही महिन्यांत भाकड झाली. योजनेप्रमाणे दुसरी म्हैस सहा महिन्यांनी द्यायची, ती देण्याची वेळच आली नाही. वसुलीची नोटीस माझ्या सहीने गेली. म्हाताऱ्याने घरच्या दोन शेळ्या विकून एक हप्ता भरला. ज्या शेळ्या त्याने मागितल्या होत्या त्या मी दिल्या नाहीत, आणि ज्या त्याच्याजवळ होत्या त्याही माझ्या म्हशीपायी गेल्या. १९९० च्या कर्जमाफीत ते खाते बंद झाले. तोवर माझी बदली झाली होती.

मी पुढे कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत बँका आल्या, शेतकरी आले, दुष्काळ आले. ही म्हैस मात्र आजवर कधी लिहिली नाही. आणि २००६ मध्ये विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनंतर पंतप्रधानांचे पॅकेज आले, त्यातही दुभती जनावरे वाटण्याचा कलम होता, हे वाचले तेव्हा मी वर्तमानपत्र मिटून बाजूला ठेवले होते.

*

आता कोणी म्हणेल, की म्हणजे तो म्हातारा व्हीगन होता! तसे मुळीच नाही. नाल्यात मासा मिळाला तर पोडावर आनंद होई, सणाला कोंबडी कापली जाई. पण रोजच्या ताटात काय असे, ते मी तीन वर्षे पाहिले. पोडावर पाहिले आणि गावातल्या मजूरवर्गाच्या घरीही पाहिले. ज्वारीची भाकर, तुरीच्या दाळीचे वरण, आंबाडीची नाही तर पावसाळ्यात तरोट्याची भाजी, जवसाची किंवा तिळाची चटणी, आणि कोरा चहा. थंडीत तुरीचे हिरवे सोले आले, की सोल्यांची झणझणीत भाजी. ताटात दूध नसे, दही नसे, तूप तर लग्नातच. त्या ताटाला कोणी नाव दिले नव्हते.

आज आहारशास्त्राची पुस्तके वाचताना लक्षात येते, की ते ताट फार विचाराने बसवलेले होते. धान्यातल्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. आणि डाळीत जे कमी पडते ते धान्य पुरवते. म्हणून भाकर आणि वरण एकत्र. शंभर ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. जवसात ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्ले असतात, पण अख्खा जवस तसाच पोटातून निघून जातो. म्हणून तो भाजून कुटायचा. आंबाडीसारखी आंबट भाजी किंवा लिंबाची फोड सोबत असली, की डाळ-भाजीतले लोह अधिक चांगले शोषले जाते. जेवणाला लागूनच चहा घेतला तर कमी.

यातली आणखी एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती. ते ताट अतिशय घाईत असलेल्या माणसांचे होते. आज आपण 'धावपळीचे जीवन' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे लोकल आणि लॅपटॉप येतात. पण कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या काकू पहाटे चारला उठत. सहाच्या आत भाकरी, वरण, पोरांचे, गुराढोरांचे आटोपून फडक्यात शिदोरी बांधून शेताच्या वाटेला लागत. दुसरा स्वयंपाक रात्री अंधार पडल्यावर. ज्वारीची भाकर दुपारपर्यंत चांगली राहते, कोरडी चटणी महिनाभर राहते, डाळ एकदा चुलीवर ठेवली की आपली आपण शिजते. दुधासारखे नासण्याची धास्ती नाही. वेळ नसलेल्या बायकांनीच ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून बसवली होती. मुलीला ऑफिसातून रात्री नऊला आल्यावर जो प्रश्न पडतो, तो पऱ्हाटीत दिवसभर वाकलेल्या बाईलाही पडत होता, आणि तिने तो सोडवलेला होता.

परंतु इथे थांबून त्या ताटाची आरती ओवाळणे हा अपराध होईल. वरण पातळ असे. चटणीत तेल नावापुरते असे. बायका शेवटी जेवत आणि उरलेले जेवत. दवाखान्यातल्या नर्सबाई मला सांगायच्या, की बाळंतपणाला येणाऱ्या बायांचे रक्त तपासायची गरजच नाही, पापणी खाली ओढली की कळते. दूध नसणे हे त्या घरांनी घेतलेले व्रत नव्हते. एखादी गोष्ट परवडते म्हणून सोडणे आणि मुळात मिळालीच नाही म्हणून नसणे, यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच पुणे आणि मुकुटबन यांत आहे. ते विसरून जो आहारावर बोलतो, तो निम्मेच बोलतो. मीही तेव्हा निम्मेच पाहिले होते. त्यांना दूध मिळत नाही एवढे मी पाहिले आणि म्हैस दिली. त्यांना काय हवे, हे विचारून उत्तर ऐकले नाही.

*

दूध सोडावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे इंटरनेटवरून आलेला नाही. मुकुटबनहून फार लांब नसलेल्या वर्ध्यात त्याची उत्तरे शोधत एक माणूस आयुष्यभर झटला. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडले. कलकत्त्याकडे गाई-म्हशींचे अधिक दूध काढण्यासाठी त्यांचे कसे हाल करतात, हे वाचून त्यांचे मन उडाले होते. पुढे १९१८-१९ च्या दीर्घ आजारात ते अंथरुणाला खिळले. दुधावाचून शरीर उभे राहणार नाही, असे डॉक्टरांनी निक्षून सांगितले. तेव्हा कस्तुरबांनी तोड काढली: प्रतिज्ञा घेताना तुमच्या मनात गाय-म्हैस होती, मग शेळीचे दूध घ्यायला हरकत काय? गांधीजींनी ते घेतले, आणि प्रतिज्ञेचे शब्द पाळून तिचा आत्मा मोडला याची खंत आत्मकथेत प्रांजळपणे लिहून ठेवली. दुधाला वनस्पतीतून पर्याय कोणाला ठाऊक असेल तर सांगा, असे आवाहन ते करत राहिले.

१९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीनचे प्रयोग केले आणि त्यांविषयी 'हरिजन'मध्ये लिहिले. स्वस्त आणि भरपूर प्रथिने देणारे हे धान्य गरिबाच्या ताटात यावे, ही तळमळ त्यामागे होती. काळाची गंमत पाहा. आज विदर्भात नजर जाईल तिथे सोयाबीन आहे. पण ते गरिबाच्या ताटात आले नाही. ते तेलगिरणीत जाते, आणि उरलेली पेंड कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात. त्याने जागा घेतली ती मात्र ताटातल्या ज्वारीची.

गांधीजींच्या या कहाणीतले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे, की त्यांनी तत्त्वही सोडले नाही आणि शरीराचा अनुभवही नाकारला नाही. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर लिहिले, त्यातही दुधाची गरज त्यांनी स्वानुभवावरून मान्य केली. आपल्या मताला गैरसोयीची असलेली गोष्ट स्वतःच लिहून ठेवायला धैर्य लागते.

*

आमच्या घरी अशीच एक गैरसोयीची गोष्ट २०२३ च्या पावसाळ्यात घडली. मुलीच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. जिना चढताना थकवा, कामात विसराळूपणा. एकदा ऑफिसात चक्कर येऊन ती पडली. तपासणीत बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले. मी फोनवर, अगदी बापाच्या हक्काने, "सांगत होतो ना!" असे म्हणून घेतले.

डॉक्टरांनी विचारले, रोज काय खाता? तेव्हा खरी हकिकत बाहेर आली. सकाळी काही नाही. दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जे 'चालेल' ते, म्हणजे बटाट्याची भाजी आणि भात. संध्याकाळी चिप्स. रात्री पाकिटातले काहीतरी, पाकिटावर व्हीगनची खूण आहे ना, एवढे पाहून. २०२२ साली केंद्र सरकारने अशा पदार्थांसाठी वेगळे नियम केले आणि वेगळी खूण ठरवली, ते चांगलेच झाले. कारण आपल्या नेहमीच्या हिरव्या ठिपक्यात दूधही बसते. पण ती खूण एवढेच सांगते, की यात प्राणिज काही नाही. यात पोषण आहे, असे ती सांगत नाही. बटाट्याच्या चिप्स आणि साखरेचे सरबतही व्हीगनच असते. मुलीने काय खायचे नाही ते नेमके ठरवले होते. काय खायचे, हे ठरवायला तिला वेळ झाला नव्हता.

बी-१२ वनस्पती तयार करत नाहीत, ते सूक्ष्मजंतू तयार करतात आणि आपल्याला प्राणिज अन्नातून मिळते. म्हणून ज्याने दूध, अंडी, मांस सगळे सोडले, त्याने ते गोळीतून किंवा ते मुद्दाम मिसळलेल्या पदार्थांतून घेतलेच पाहिजे. यात मतभेदाला जागा नाही. यकृतात त्याचा साठा असतो, त्यामुळे कमतरता लगेच कळत नाही. महिने, कधी वर्षे जातात. तेवढ्यात नसांना इजा होऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, आणि वाढत्या मुलांच्या आईवडिलांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असला प्रयोग करूच नये.

पण गोष्ट इथे संपत नाही. डॉक्टरांनी सुचवले म्हणून आम्ही दोघांनीही तपासणी करून घेतली. रोज दोन वेळा दूध-दही घेणारा मी, आणि माझेही बी-१२ कमी निघाले! मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या मेटफॉर्मिनच्या गोळीने ते कमी होऊ शकते, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते. सौभाग्यवतींचेही काठावर. पुढे वाचले, की पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यातही बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली. त्या बायका काही व्हीगन नव्हत्या. म्हणजे दुधाचा पेला हातात आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो, आणि पाकिटावर खूण आहे म्हणून ती निर्धास्त होती. फरक एवढाच, की ती निदान काहीतरी विचार करून चुकली होती.

मी फोन करून तिची माफी मागितली. बापाला हे जरा जड जाते.

*

जानेवारी २०२४ मध्ये मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं मुकुटबन दाखवा." तिला मी तोवर म्हशीची गोष्ट सांगितली होती.

मुकुटबन ओळखू येईना. कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक, रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर धूळ. २०२२ मध्ये तिथे सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला आहे. काकू राहिल्या नाहीत. त्यांच्या नातसुनेने आम्हाला ओळख सांगितल्यावर घरात घेतले. नवरा कंत्राटी कामावर, पाळी कधी दिवसाची कधी रात्रीची. ती स्वतः सकाळी शिवणकाम, दुपारी शेत. दोन पोरे शाळेत. "आमचं जेवन घड्याळावर नाही, पाळीवर असते," ती म्हणाली.

चहा आला, दुधाचा. मुलीने हात जोडून नाही म्हटले आणि कारण सांगितले. मला वाटले, आता ही बाई हसणार. ती हसली नाही. "मग कोरा करते ना, त्यात काय," म्हणाली, आणि दोन मिनिटांत कोरा चहा घेऊन आली. वर विचारले, "सोल्याची भाजी खासान का? त्यात काई दूध नसते." जे आमच्या घरात दिवाळीचे चार दिवस भांडणाचे कारण झाले होते, ते त्या घरात दोन मिनिटांत मिटले.

जेवायला सोल्याची भाजी, वरण, भात आणि गव्हाच्या पोळ्या होत्या. मी भाकरीची आठवण काढली. "जवारी आता कोन पेरते, साहेब?" ती म्हणाली. "रानडुकरं ठेवत नाही, आन्‌ सोयाबीनचा पैसा लवकर येते. राशनले गहू-तांदूळ भेटते, मग तेच खातो." जवसाची चटणीही नव्हती. सासूबाई करायच्या, आता कुटायला वेळ कुणाला? फडताळात पोरांसाठी पाच-पाच रुपयांची बिस्किटांची आणि कुरकुऱ्यांची पाकिटे होती. अगदी तीच, जी मी मुलीच्या पुण्याच्या खोलीत पाहिली होती.

परतताना गाडीत मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, मी जे शोधतेय ते इथं होतं, आणि इथल्यांनाही ते उरलं नाही."

*

मला वाटते, या प्रश्नाचे मर्म इथे आहे. दूध घ्यावे की सोडावे, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा भाग आहे. म्हशीच्या रेडकाचा विचार करून कोणी दूध सोडत असेल, तर मी त्याला आता हसणार नाही. ज्या कोलाम म्हाताऱ्याला मी अडाणी समजलो, तोही हेच सांगत होता. पण दूध गेल्यावर ताटात जी जागा होते, ती कशाने भरायची आणि कोणी भरायची, हे दोन प्रश्न विवेकाबरोबरच यायला हवेत. पाकिटाने भरली तर शहरातली मुलगी आणि खेड्यातले पोर एकाच रांगेत आजारी पडतील. आईने किंवा बायकोने भरली, तर एकाचे तत्त्व आणि दुसऱ्याची कंबर, असा तो व्यवहार होईल. धावपळीच्या आयुष्यातला तोल म्हणतात तो माझ्या मते एवढाच: जे आपण ठरवले, त्याचे कष्टही आपणच उचलायचे.

आणखी एक. आपले तत्त्व दुसऱ्याच्या ताटापर्यंत नेऊ नये. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाची अमृत आहार योजना २०१५ पासून आपल्या राज्याच्या आदिवासी भागात आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण, आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी. ज्या लेकराला ते अंडे मिळते, त्याच्या ताटातून ते काढण्याचा अधिकार शहरातल्या कोणाच्याही मताला नाही, आणि नको म्हणणाऱ्याच्या ताटात ते घालण्याचाही नाही. सरकारला करण्यासारखी खरी गोष्ट वेगळीच आहे. २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, भाषणे झाली, पदार्थांच्या स्पर्धा झाल्या. त्यापेक्षा मुकुटबनच्या शेतकऱ्याची ज्वारी आणि तूर खात्रीच्या भावाने घेऊन तिथल्याच रेशनच्या दुकानात आणि अंगणवाडीत नियमाने दिली, तर नातसुनेच्या घरात भाकर परत येईल. बँकेत आयुष्य घालवल्यामुळे मला एवढे कळते, की माणूस जे परवडते आणि सहज मिळते तेच पेरतो आणि तेच खातो. उपदेशाने त्याचे ताट बदलत नाही.

आमच्या घरात काय बदलले, तेही सांगून टाकतो. मी चहात दूध घेतो. मुलगी घेत नाही. तिच्या खोलीत आता रविवारी डाळ शिजवून ठेवलेली असते, शेंगदाण्याचा कूट असतो, आणि आठवड्याची बी-१२ ची गोळी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करून घेतली जाते. माझीही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जवस आणि तीळ भाजून, सुकी मिरची, लसूण, मीठ घालून खलबत्त्यात चटणी कुटतो. मिक्सरमध्ये दोन मिनिटांत होते, हे मला ठाऊक आहे. पण पस्तीस वर्षांच्या नोकरीत आणि चाळीस वर्षांच्या संसारात स्वयंपाकघरात माझे एकूण दोन तास भरले नसतील. ती बाकी आता थोडी थोडी फेडतो आहे. एक बरणी पुण्याला जाते, एक घरी राहते. मागच्या थंडीत एक मुकुटबनलाही पाठवली. नातसुनेचा फोन आला, "सासूबाईंच्या हातची नाही, पन खाता येते."

त्या म्हाताऱ्याच्या पोडावरही जाऊन आलो. तो केव्हाच गेला. त्याचा नातू भेटला. त्याच्या अंगणात पाच शेळ्या बांधलेल्या होत्या. त्याने स्वतःच्या पैशाने घेतल्या होत्या, कुठल्याही योजनेतून नाही. मी कोण, हे मी त्याला सांगितले. म्हशीचे नाव काढल्यावर तो हसला. घरात ती गोष्ट अजून सांगतात, म्हणाला. निघताना त्याच्या बायकोने कोरा चहा दिला. मी तो तसाच प्यालो.